सहावा टाका

सहाव्या टाक्याला तिची मान आपोआप खाली गेली. आधी गेली, आणि मग तिला कळलं की गेली. डाव्या हातात दोऱ्याची दोन्ही टोकं ताणून धरलेली, उजव्या हातात सुई पकडायचा चिमटा, गाठ अगदी मनासारखी बसलेली, आणि दोरा कापायला समोर कात्री घेऊन उभी असायची ती वर्गातली उंच पोरगी "आलेच हं काकू, पट्टी संपलीय" म्हणून पडद्याबाहेर गेलेली. दोन्ही हात अडकलेत, दोरा तोडायचाय, तर माणसानं काय करायचं? पस्तीस वर्षं जे केलं तेच मानेनं केलं. ओठ दोऱ्याकडे वळले, दात पुढे झाले, आणि मध्येच मास्क आडवा आला. दातांत दोऱ्याऐवजी ओलसर कापड सापडलं, आणि त्या कापडाची बाहेरची बाजू सुताराच्या हातावर, नुकत्या शिवलेल्या जखमेवर टेकली. टेकली म्हणजे किती? निजलेल्या लेकराच्या कपाळाला ओठ लावावेत आणि त्याला कळूही नये, तेवढी. एका श्वासाएवढी. ती ताडकन सरळ झाली. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या, आणि टेबलावर आडवा झालेला सुतार छताकडे बघत होता तो तिच्याकडे बघायला लागला.

"दातानं तोडत होतात काय हो बाई?" तो हळूच म्हणाला. साठीचा माणूस, भुवयांत लाकडाचा भुसा अडकलेला. पटाशी घसरून मनगटाच्या वर चार बोटांवर त्याचा हात चांगला बोटभर फाटला होता. "आमची मोठी बहीण अशीच तोडायची," तो म्हणाला. "शिवणकाम करायची ती. मान अशीच वाकायची तिची, बदकासारखी. तुम्ही पण त्यातल्याच की!" आणि मग तिच्या डोळ्यांकडे बघून त्यानं आवाज आणखी उतरवला. "जाऊ द्या. कुणी बघितलं नाही."

कुणी बघितलं नव्हतं हे खरंच होतं. पडद्याच्या आत ती, सुतार आणि दिवा. हिरव्या कापडाच्या चौकोनी भोकातून दिसणारा हाताचा तेवढा तुकडा, त्यावर सहा टाके, बटणपट्टीवरच्या काजांसारखे एका रेषेत. उंच पोरगी आली, तिनं सहाव्याचा दोरा कापला, "आई गं, काय सुंदर!" म्हणाली, आणि इकडे हिच्या हातांनी सातवा टाका घालायला घेतला. हात थांबले नाहीत. थांबायला हवं होतं हे त्याच क्षणी तिला ठाऊक होतं, पण सुई आत गेली, बाहेर आली, दोरा सरकला, गाठ बसली. हातांना शरम नसते. शरम सगळी मानेच्या मागे, जिथून ती वाकली होती तिथे साचून राहिली होती.

खरं तर टाके घालणं हे या तीन वर्षांत तिला सगळ्यात शेवटी जमलं होतं. सगळ्यांना वाटलेलं, काकू काय, काकूंच्या हातचा मळ! पण कापडाला ओढून शिवायचं असतं आणि माणसाला नाही. कापड जितकं ताणाल तितकी शिलाई बसते. कातडीचे मात्र दोन्ही काठ नुसते एकमेकांना भेटवायचे, मिठी मारायला लावायची नाही, उद्या सुजेल म्हणून जागा सोडायची. रबराच्या कातडीवर तिचे पहिले टाके बघून सर म्हणाले होते, "बाई, ही कॉलर नाही." सगळे हसले होते, तीही हसली होती, आणि घरी जाऊन महिनाभर केळ्याच्या सालींवर सैल हात बसवत बसली होती. नवरा म्हणायचा, "आजही केळीच का?" केळी खाऊन खाऊन तो इतका कंटाळला की शेवटी शेजाऱ्यांना वाटू लागला. सैलपणा शिकली ती. सुई वाकडी असते हे शिकली. अंगठ्यानं सुई ढकलायची नाही, तिला हात लावायचाच नाही, हे शिकली. दात मात्र शिकले नाहीत. दातांना कुणी शिकवलंच नव्हतं, कारण दात यात कुठे असतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

तिच्या वरच्या पुढच्या दाताला बारीक खाच आहे. वडिलांच्या दुकानात एकच चांगली कात्री होती, आणि ती फक्त कापडासाठी. दोरा कापला की धार जाते असं वडील म्हणायचे. जात असेल नसेल, पण त्यांच्या देखत कुणाची हिंमत नव्हती. म्हणून दहा वर्षांची असल्यापासून दोरा दातानं. काज, बटण, हातशिलाई, अस्तर, सगळं शेवटी ओठांशी येऊन संपायचं. प्रत्येक कपड्याला शेवटी ती जणू कानात काहीतरी सांगून सोडून द्यायची. वडील गेले, दुकान तिचं झालं, तिनं चार कात्र्या आणल्या, तरी दात आपले होतेच. दुकान वैद्यकीय महाविद्यालयाच्या समोर होतं. दर वर्षी शंभरेक पोरं पांढरे कोट शिवायला यायची, खांदे आखडून उभी राहायची, आणि माप घेताना तिच्या टेपला त्यांची भीती लागायची. पहिल्या वर्षी छाती एवढी, पाचव्या वर्षी पोट तेवढं. वीस वर्षं ती त्यांना बाहेरून मापत होती. एकदा एका मुलीच्या फाटलेल्या खिशात घडी घातलेला कागद सापडला. मानेतून निघून काखेवाटे हातभर पसरणाऱ्या मज्जातंतूंचं चित्र. पाच धागे निघतात, तीन होतात, सहा होतात, परत गुंफतात, परत सुटतात. तिला वाटलं कुणीतरी विणकामाचा नमुना काढलाय. कोट न्यायला मुलगी आली तेव्हा तिनं विचारलं, "हे काय गं?" मुलगी म्हणाली, "हा तुमचा हात हलतो ना काकू, तो यानं." ती आपल्या हाताकडे बघत राहिली. एवढं सगळं शिवणकाम आत चाललेलं, आणि आपण आयुष्यभर बाह्याच शिवत बसलो! तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. मग पोरांची जुनी पुस्तकं आली, मशीनच्या फळीवर उघडी राहिली, मग परीक्षा, मग पुन्हा परीक्षा, आणि एक दिवस तिनं स्वतःचंच माप घेऊन स्वतःसाठी पांढरा कोट शिवला. त्या कोटाचा दोराही तिनं दातानंच तोडला होता.

तशी ती सुखात होती. हे कुणाला सांगितलं तर खरं वाटलं नसतं, पण होती. पोरं पाठांतरानं रडकुंडीला यायची तिथे ती ओव्या रचायची. जात्यावर बसल्यासारखी पुस्तकापुढे डुलायची, आणि मनगटाच्या हाडांवरही आपोआप ओळी यायच्या.

*मनगटाच्या वळणावर आठ जणींचं बिऱ्हाड,*
*एक होडी, एक चंद्रकोर, एक तिकोनी, एक वाटाण्याएवढी द्वाड.*

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या व्हरांड्यात अर्धा वर्ग हेच पुटपुटत होता. घरी नवरा, भूगोलाचा मास्तर, म्हणायचा, "नद्यांवरही कर की एखादी, माझ्या पोरांना पाठ होत नाहीत." लेक दूरच्या गावाहून फोन करायची आणि विचारायची, "आई, आज कुणाला बरं केलंस?" ती म्हणायची, "आज माझंच डोकं दुखत होतं, तेवढं केलं." असं सगळं हसतखेळत चाललेलं. एकच काट्यासारखी गोष्ट होती ती म्हणजे दहा सह्या. अपघात विभागात दहा जखमा शिवल्याच्या, दहा सह्या नोंदवहीत. दहा नसल्या तर सगळं सत्र पुन्हा, सहा महिने, मागच्या वर्गाबरोबर. नऊ झाल्या होत्या. आज शुक्रवार, सत्र पाच वाजता संपणार, आणि दुपारचे तीन वाजून गेले तरी कुणी कापून घेऊन येईना. दुसऱ्याचं रक्त सांडावं म्हणून वाट बघत बसल्याची तिला मनातल्या मनात लाज वाटत होती, तेवढ्यात रुमालात हात गुंडाळून सुतार आला होता. देवासारखा आला, असं तिला वाटलं होतं.

"सहा महिने" हे विशीतल्या पोरांना काही नसतं. त्यांच्याकडे महिने नुसते पडलेले असतात, उरलेल्या चिंध्यांसारखे. तिला ते मोजून घ्यावे लागतात. कापड कमी आहे आणि कोट शिवायचाय, तर बेतताना जसं इंच इंच वाचवावं लागतं तसं. वय सत्तेचाळीस. आणि काय असं झालं होतं? एका श्वासाएवढा स्पर्श. सुतार स्वतः म्हणाला, जाऊ द्या. पण सकाळपासून तोच मास्क होता. बाराच्या सुमारास एका खोकणाऱ्या माणसाच्या छातीवर ती वाकली होती, आणि तो तोंड न झाकता थेट तिच्याकडे खोकला होता. मास्क बदलायचा हे तिच्या डोक्यात आलं होतं, आणि मग कुणीतरी हाक मारली होती. ते सगळं आता त्या सात टाक्यांच्या खाली गेलं. वर रेषा सरळ. वरून बघणाऱ्याला काय दिसणार?

वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही, हे तिच्याएवढं कुणाला माहीत होतं! एकदा पोस्टमनचा लोकरी कोट बेतताना तिची कात्री पाठीत दोन बोटं जास्त गेली होती. नवं कापड आणायची ऐपत त्याचीही नव्हती, तिचीही नव्हती. तिनं आतून तुकडा लावला, इस्त्री फिरवली, वर अस्तर टाकलं, आणि अस्तरानं सगळं गिळून टाकलं. पोस्टमन आरशापुढे उभा राहून म्हणाला, "राजासारखा वाटतोय!" अकरा हिवाळे तो तो कोट घालून दुकानापुढून जायचा आणि हात वर करायचा. अकरा हिवाळे ती मान खाली घालून मशीन चालवायची. कोट कधी फाटला नाही. त्याला कधी कळलं नाही. तिला मात्र त्याची पाठ कधी पाठीसारखी दिसलीच नाही. दिसायचा तो तुकडा. आणि तो तर नुसता कोट होता. काढून खुंटीला टांगता यायचा.

पडदा सर्रकन बाजूला झाला. विभागाची निवासी डॉक्टर आत आली, सत्तावीस वर्षांची, तिच्या लेकीच्या वयाची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केस पेन खोचून बांधलेले. ती वाकली, दिवा जवळ ओढला, आणि तिचा थकलेला चेहरा एकदम उजळला. "वा! काकू, काय हात आहे हो! मी सुद्धा असे घालत नाही. आणा, वही आणा, दहावी ना ही? उगीच पाचपर्यंत कशाला ताटकळताय." तिनं केसांतून पेन ओढलं, केस खांद्यावर सुटले. उंच पोरीनं लगेच वही पुढे केली, पान उघडलं, दहाव्या रकान्यावर बोट ठेवलं. सुतारानं डोळे मिटून घेतले, जणू त्याचा या सगळ्याशी काही संबंधच नाही.

"डॉक्टर," ती म्हणाली, "सही नका करू."

"का?"

"माझा मास्क जखमेला लागला. सहाव्या टाक्याला. आणि त्यानंतर मी सातवा घातला."

पेन हवेत थांबलं. "लागला कसा? तोंड एवढं खाली गेलंच कसं?"

"दोरा... दातानं तोडायला गेले." उंच पोरीच्या तोंडून हसू फुटलं आणि लगेच विझलं. "सवय आहे. होती. आणि मास्क सकाळचाच आहे. बारा वाजता एक पेशंट तोंडावर खोकला, तेव्हापासून बदलला नाही."

मग निवासी डॉक्टरनं वही मिटली, उंच पोरीच्या हातात आपटली, आणि जी सुरू झाली!

"कळतंय का काय केलंत? हात निर्जंतुक, कापड निर्जंतुक, सुई निर्जंतुक, आणि वरून तोंड घालताय? पहिल्या वर्षाचं पोर असं करत नाही! कात्री धरायला कुणी नव्हतं तर थांबायचं, हाक मारायची, मी काय दुसऱ्या गावात होते? आणि वर सातवा टाका? कळल्यावर सुद्धा? ते कशासाठी, शोभेला? आतमध्ये पू झाला असता, हात गेला असता या माणसाचा, तो काय उद्या तुमच्या नावानं रंधा मारणार होता? आणि तू, हसतेस काय, तू कशाला गेलीस टेबल सोडून? पट्टी आणायला मावशी नाहीत? व्हा बाजूला. काढा ते हातमोजे, आज पुन्हा सुई धरायची नाही. मास्क आधी! मास्क काढा आणि कचऱ्यात टाका, कोटाच्या खिशात नाही!"

ती बाजूला झाली. मास्क कचऱ्यात टाकला. हात धुतले. आणि हात धुताना तिला एक विचित्र गोष्ट जाणवली: छातीत इतका वेळ घट्ट ओढलेलं काहीतरी सैल होत होतं. तीन वर्षांत तिला कुणीही ओरडलं नव्हतं. एकदाही नाही. पोरांना सगळे ओरडायचे, सर, नर्स, आया, लिफ्टवाला सुद्धा, आणि तिच्यापाशी आले की आवाज खाली करायचे, "काकू, एवढं जरा बघाल का." चुकली तर म्हणायचे, "असू दे, होतं असं." पाहुण्याला चहा सांडला तरी म्हणतात तसं. तिला त्याचा राग नव्हता, पण त्या घरात ती तीन वर्षं पाहुणीच होती, हे आत्ता, हातांवर गार पाणी पडताना कळलं. ही पोरगी तिच्यावर गळा ताणून ओरडत होती. एक शब्द गाळत नव्हती, एक शब्द मऊ करत नव्हती.

मग सुताराचे टाके निघाले. सगळे सात. दोऱ्याचे तुकडे स्टीलच्या तबकात पडत गेले, आणि ते काजांसारखे दिसेनात, नुसते केसांसारखे दिसायला लागले. जखम पुन्हा उघडली, पुन्हा धुतली, पुन्हा सुई टोचून बधिर केली. सुतार कळवळला, आणि मग त्याचा संयम सुटला. "गप्प बसला असतात तर मी एव्हाना घरी असतो की हो बाई! आणि सांगायचंच होतं तर आधी का नाही सांगितलंत, शिवून झाल्यावर कशाला?"

"चुकलं माझं," ती म्हणाली. त्याचं बरोबरच होतं. खरं बोलायचं ते तिनं, आणि दुखायचं ते त्याला. ती त्याच्या उशाशी उभी राहिली आणि त्याचा दुसरा हात, न फाटलेला, तिनं धरला. त्यानं तो ओढून घेतला नाही. मजबूत, खरबरीत हात. निवासी डॉक्टर टाके घालत होती. तिचे टाके थोडे तिरके येत होते, एक जवळ, एक लांब, आणि तरी ते चांगले होते. स्वच्छ होते. उंच पोरगी कात्री घेऊन जागची हलत नव्हती.

पट्टी बांधून झाल्यावर सुतार उठून बसला. "टाके कधी काढायचे?"

"आठ दिवसांनी या," निवासी डॉक्टर म्हणाली.

त्यानं तिच्याकडे बोट केलं. "या असतील का तेव्हा?"

"असतील," निवासी डॉक्टर म्हणाली. "सहा महिने इथेच आहेत आता त्या. सोमवारपासून, सकाळी आठला. आठ म्हणजे आठ."

"मग यांनीच काढायचे," सुतार म्हणाला. "काढता तर नीट येतं ना?" आणि भुवया झाडत, बडबडत निघून गेला.

सहा महिने. तिनं ते मनात उलगडून बघितले. वाटले होते तेवढे मोठे निघाले नाहीत. घरी सांगावं लागेल; नवरा आधी नकाशासारखा गंभीर होईल, मग विचारेल की पुन्हा केळी आणायची का. मागच्या वर्गातली पोरं आपल्याला काय हाक मारतील कोण जाणे. चार वाजायला आले होते. उंच पोरगी तिच्याजवळ येऊन रडवेल्या आवाजात म्हणाली, "काकू, मी गेले नसते तर..." तिनं तिच्या पाठीवर थाप मारली. "चल गं, तू नसतीस गेलीस तर मला कळलं कसं असतं? तुझी पण खरडपट्टी निघालीच की. दोघींची फिटली."

ती नवीन मास्क बांधून टेबलापाशी परत आली तेव्हा निवासी डॉक्टर केसांत पुन्हा पेन खोचत होती. "तुम्ही अजून इथेच?" ती म्हणाली. आवाजात राग उरला नव्हता. पण मऊपणाही नव्हता. "सहीचा प्रश्न तर मिटला."

"ड्यूटी पाचपर्यंत आहे."

निवासी डॉक्टरनं तिच्याकडे नीट बघितलं, मग रक्तदाब मोजायचं यंत्र उचलून तिच्या हातात कोंबलं. "मग त्या बाकावरच्या आजींचं बघून या. दोनदा मोजायचं. आकडा आजींना नाही, मला सांगायचा."

बाकावर एक म्हातारी पिशवी पोटाशी धरून बसली होती. पांढरा कोट आणि पांढरे होऊ लागलेले केस बघून ती लगबगीनं सावरून बसली. "मोठ्या डॉक्टरीणबाई का तुम्ही? बरं झालं आलात. मघापासून नुसती पोरंसोरंच फिरतायत."

"नाही हो आजी. मी शिकतेय अजून."

"शिकताय?" म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "या वयात?"

"या वयात. आत्ताच ओरडा खाऊन आले. चांगला पोटभर."

"अगं बाई! कुणाचा?"

"त्या तिकडे उभ्या आहेत ना, त्यांचा."

म्हातारीनं मान लांब करून बघितलं. "ती? ती तर एवढीशी पोर आहे!"

"हो ना. पण ओरडते छान."

म्हातारी फसकन हसली. दात नव्हते, त्यामुळे हसू तिच्या सगळ्या तोंडावर पसरलं. मग तिनं पिशवीचे बंद चाचपले. हिच्या हाती आपला हात द्यावा की न द्यावा. पिशवी तिनं बाजूला ठेवली, बाही कोपराच्या वर सरकवली, आणि हात पुढे केला.

"बघा मग," ती म्हणाली. "मला काही घाई नाही."

तिनं पट्टा गुंडाळला, ना घट्ट ना सैल, स्टेथोस्कोप कानांना लावला, आणि ऐकू लागली.